आधी किट घ्या म्हणणाऱ्यांना

फ्लाय फिशिंग शिकू पाहणाऱ्याला पहिला सल्ला ठरलेला मिळतो. चांगलं किट घ्या, बांधताना गळ धरून ठेवणारा परदेशी बनावटीचा शिकंजा घ्या, अमेरिकेत खास पैदास केलेल्या कोंबड्यांची पिसं मागवा. तेवढे पैसे नसतील तर सध्या थांबा, कारण स्वस्त साहित्यावर शिकलं की हात बिघडतो. हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की ऐकणाऱ्याला तो अनुभवाचा निचोड वाटतो. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात, दिंद्रुडसारख्या गावात राहणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला माजलगाव धरणावर जाणाऱ्या मुलाने तो ऐकला, तर त्याला त्यातून एकच अर्थ कळतो: हा छंद आपल्यासाठी नाही. हा सल्ला चुकीचा आहे. तो पैशाच्या हिशेबात चुकीचा आहे, या कलेच्या इतिहासाशी विसंगत आहे, आणि शिकवण्याची पद्धत म्हणूनही वाईट आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फ्लाय म्हणजे गळावर दोरा, पिसं, लोकर, केस, तार गुंडाळून तयार केलेला नकली किडा किंवा नकली बारकी मासळी. गांडूळ नाही, कणकेचा गोळा नाही. पाण्यात हलणाऱ्या आकाराला मासा भुलतो. ती फ्लाय हाताने बांधणं हा स्वतंत्र कारागिरीचा विषय आहे, आणि वाद आहे तो त्यासाठी लागणाऱ्या साहित्याच्या खरेदीचा.

सल्लागार मंडळींना एक गोष्ट बहुधा कुणी सांगितलेली नसते. इंग्लंड-अमेरिकेतल्या दुकानांत नवशिक्याला परवडणारं पीस म्हणून जे विकलं जातं, त्याच्या पाकिटावर कित्येकदा ‘इंडियन कॉक केप’ असं लिहिलेलं असतं. केप म्हणजे कोंबड्याच्या मानेचं पिसांसकट सुकवलेलं कातडं. लंडनच्या व्हेनियार्डसारख्या जुन्या पुरवठादारांच्या मालात हे भारतीय केप वर्षानुवर्षं आहेत. तिकडचा शाळकरी मुलगा आपल्याकडच्या कोंबड्याच्या पिसांवर हात बसवतो आणि इकडच्या मुलाला सांगितलं जातं की अमेरिकेतल्या कोलोरॅडोतून पिसं आल्याशिवाय सुरुवात करू नकोस. यात कुठला शहाणपणा आहे?

मुळात ही कला जन्मली तीच हाताशी असलेल्या वस्तूंतून. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात रोममध्ये राहून ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एलियनने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात मॅसिडोनियातल्या अ‍ॅस्ट्रिअस नदीवरच्या मासेमारीचं वर्णन केलं आहे. तिथले लोक गळाला लाल लोकर गुंडाळत आणि त्यावर कोंबड्याच्या गळ्याशी लोंबणाऱ्या लाल कातड्याखाली उगवणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधत. काठी सहा फूट, दोरीही तेवढीच. कृत्रिम फ्लायचं हे सर्वांत जुनं म्हणून ओळखलं जाणारं तपशीलवार वर्णन. त्यात लोकर आहे, कोंबडा आहे, काठी आहे. यातली कुठली वस्तू दिंद्रुडच्या परिसरात मिळत नाही?

इतकं जुनं उदाहरण चालत नसेल तर विसाव्या शतकातलं घ्यावं. इंग्लंडमध्ये विल्टशायरच्या एव्हन नदीची राखण करणारा फ्रँक सॉयर हा या क्षेत्रातला मोठा माणूस. त्याने १९५८ साली ‘निम्फ्स अँड द ट्राउट’ हे पुस्तक लिहिलं. त्याची सर्वांत प्रसिद्ध फ्लाय, फेझंट टेल निम्फ, दोनच वस्तूंची आहे: फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि बारीक तांब्याची तार. दोरासुद्धा नाही, तारच बांधते आणि तारच वजन देते. त्याची दुसरी फ्लाय, किलर बग, आणखी साधी. तार आणि वर लोकर. ती लोकर चॅडविक कंपनीची ४७७ क्रमांकाची, फाटलेले मोजे रफू करायची. पुढे त्या लोकरीचं उत्पादन बंद झालं, तेव्हा उरलेल्या कार्डांसाठी संग्राहक भरमसाट पैसे मोजू लागले. मोज्याच्या रफूची लोकर दुर्मीळ ऐवज झाली. सॉयरने ती निवडली होती ती घरात सहज मिळणारी आणि पाण्यात भिजल्यावर योग्य रंग देणारी म्हणून. त्याच्या नावाने महाग लोकर शोधणाऱ्यांनी त्याचा धडा उलटा वाचला.

आता बाजारात उतरू. दिंद्रुडच्या आकाराच्या कुठल्याही बाजारगावात या साहित्याची बहुतेक यादी चार दुकानांत पुरी होते, आणि ती दुकानं कोणती हे सांगणं हाच या लेखाचा खरा ऐवज आहे.

पहिलं दुकान मोटार रिवाइंडिंगचं. मराठवाड्यात विहिरी-बोअरवरच्या मोटारी जळत असतात, त्यामुळे हे दुकान सर्वत्र आहे. तिथे पंख्याच्या वाइंडिंगची मुलामा दिलेली तांब्याची तार असते, गेजच्या नंबराने ओळखली जाणारी. चौतीस-छत्तीस नंबरची तार मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास जाड असते. सॉयरच्या पद्धतीची फ्लाय बांधायला हीच जाडी लागते. जळालेल्या पंख्याच्या कॉइलमधली काळवंडलेली तार घेऊ नये, ती तुटते. नव्या रिळावरची दोन-चार मीटर मागितली तर दुकानदार पैसे घेईलच असं नाही. हीच तार छोट्या गुंडीवर गुंडाळून ‘फ्लाय बांधण्याची खास तार’ म्हणून विकली जाते तेव्हा तिच्या किमतीचा तांब्याच्या भावाशी काही संबंध उरत नाही.

दुसरं दुकान मॅचिंग सेंटर. दोरा, लोकर, जर, लेस हे सगळं तिथे. शिलाईचा पॉलिएस्टर दोरा थोडा जाड आणि लवदार असतो, त्यामुळे बारीक फ्लायवर त्याचे थर चढतात. हा आक्षेप खरा आहे. उपाय दुकानातच आहे. मशीनवरच्या भरतकामाचा गुळगुळीत दोरा शिलाईच्या दोऱ्याहून सपाट बसतो. तो थोडा निसटतो म्हणून मधमाश्यांच्या मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्यायचा. चकाकीसाठी जर आहे. पैठणीच्या काठापासून सुरतेच्या लेसपर्यंत या प्रदेशाने धातूची तार दोऱ्यावर गुंडाळण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. कलाबतू, बादला हे शब्द त्यातूनच आपल्या तोंडी आले. आजची स्वस्त जर प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची असते आणि फ्लायच्या अंगावर वळसे द्यायला तीच अधिक बरी, कारण ती पाण्यात काळी पडत नाही.

तिसरं कटलरीचं दुकान. काचेचे बारीक मणी, रंगहीन नेलपॉलिश, छोटी टोकदार कात्री. मणी गळाच्या टोकातून सरकवून डोक्याशी बसवला की वजनही मिळतं आणि चमकही. नेलपॉलिशचा एक थेंब शेवटच्या गाठीवर टाकला की ती सुटत नाही. परदेशातले अनुभवी बांधणारेही वर्षानुवर्षं हेच वापरत आले आहेत. कपडे वाळत घालायचा चिमटा दोऱ्याला लटकवला की हात मोकळा होतो आणि दोऱ्यावर ताण राहतो. बॉबिन होल्डर नावाचं अवजार पुढे घ्यावं, ते सोयीचं आहे. पण त्याच्यावाचून काही अडत नाही.

चौथं दुकान चिकन-मटणाचं, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त गैरसमज पिसांबद्दल आहेत. ब्रॉयलर कोंबडी साधारण दीड महिन्याची असताना कापली जाते. तिची पिसं पांढरी, कोवळी आणि दांड्याला मऊ. गळाभोवती गुंडाळायला ती निकामी. मात्र तिच्या अंगावरची लोंबती मऊ पिसं शेपटीसाठी चालतात आणि पांढरी असल्यामुळे रंगही घेतात. गुंडाळायचं पीस हवं ते वर्ष पूर्ण केलेल्या कोंबड्याच्या मानेचं: लांब, निमुळतं, चकाकतं, तंतू ताठ. म्हणजे गावरान कोंबडा. श्रावण लागण्याआधी आखाडात गावागावांत गावरान कोंबड्याला मागणी असते आणि मानेची पिसं त्या वेळी उकिरड्यावर जातात. ज्याला फ्लाय बांधायची आहे त्याने कसायाला आठवडाभर आधी सांगून ठेवावं. काळं पीस हवं असेल तर कडकनाथ आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही जात; २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि महाराष्ट्रातल्या कुक्कुटपालकांनीही ती मोठ्या प्रमाणात पाळली. रसेल ब्लेसिंगने १९६७ साली पेनसिल्व्हेनियात बांधलेली वूली बगर आज जगभर गाजते आहे. तिला लागतं काय? मऊ पिसांची शेपटी, लोकरीसारखं जाड अंग, आणि अंगावर शेपटीपर्यंत गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस. कडकनाथाच्या मानेचं काळं पीस त्या कामी उत्तम.

मटणाच्या दुकानातली दुसरी वस्तू म्हणजे शेळीचे केस. परदेशात मासळीच्या नकलेसाठी पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे शेपटीचे केस वापरतात. आपल्याकडे उस्मानाबादी शेळी आहे, मराठवाड्याची स्वतःची जात, बहुतेक काळ्या रंगाची. तिच्या शेपटीचे केस हरणाच्या केसांइतके ताठ नसतात पण पाण्यात जास्त हलतात, आणि मरळीला भुलवायला हलणंच हवं.

या पिसा-केसांबाबत एक ताकीद मात्र कडक शब्दांत द्यायला हवी. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात झाला, आणि जानेवारी २०२१ मध्ये तो शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात आला. आजारी किंवा आपोआप मेलेल्या पक्ष्याचं पीस कधीही उचलू नये. निरोगी पक्ष्याची पिसंही कपड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवावीत, सावलीत पूर्ण वाळवावीत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवावीत. कसर लागली की डबाच्या डबा भुशाचा होतो. हात धुण्याबद्दल वेगळं सांगायला नको.

आता विरोधकांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. गळावर पैसे वाचवू नयेत. सुटे मिळणारे स्वस्त गळ बोथट असतात, मासा लागला की उघडतात, आणि चार तासांची मेहनत पाण्यात जाते. नॉर्वेच्या मुस्ताद कंपनीसारख्या जाणत्या बनावटीच्या गळांचं एक पाकीट, आठ किंवा दहा नंबरचं, हीच नवशिक्याची सर्वांत महत्त्वाची खरेदी. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवावं. घसरलं तर तो गळ बोथट, अडलं तर चांगला. उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे मासा सोडताना फाटत नाही आणि बोटात घुसला तरी निघतो. कात्रीबाबतही तेच: टोकाशी कापणारी हवी, आणि ती कागदाला लावायची नाही.

दुसरं खरं असं की अमेरिकेतल्या खास कोंबड्यांची पिसं खरोखरच असामान्य असतात. हेन्री हॉफमन यांनी निवड पद्धतीने वाढवलेले पक्षी १९८९ साली कुक्कुटशास्त्रज्ञ टॉम व्हाइटिंग यांनी घेतले आणि कोलोरॅडोत ते काम पुढे नेलं. त्या पिसांचे तंतू इतके ताठ आणि एकसारखे की त्यांवर बांधलेली फ्लाय पाण्याच्या पृष्ठावर उभी राहते. पण ती कुठल्या पाण्यासाठी? वाहत्या, थंड, स्वच्छ ओढ्यातल्या ट्राउटसाठी, जो वर तरंगणारा बारीक किडा टिपतो. ट्राउट भारतात काश्मीर, हिमाचल, निलगिरीत आहे. सिंदफणेवर बांधलेल्या, जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या माजलगाव धरणाच्या कोमट, गढूळ पाण्यात ट्राउट नाही. मराठवाड्याच्या तलावांत फ्लायला येतात ते चिलापी आणि मरळ. रोहू-कटला क्वचितच येतात. त्यांचं खाणं वेगळं. चिलापीला लोकर आणि तारेची बुडणारी बारकी फ्लाय लागते, मरळीला वरून फुदकणारी किंवा काठाच्या गवताशी वळवळणारी काळी मोठी फ्लाय. दोहोंना कोलोरॅडोच्या पिसाचा उपयोग शून्य. आपल्या पाण्यात कोण राहतं हे न पाहता साहित्य सुचवणं, यालाच वाईट सल्ला म्हणतात.

मरळीच्या फ्लायसाठी चार दुकानांबाहेरची एक वस्तू लागते, तीही शाळेजवळच्या स्टेशनरीत मिळते: मुलांच्या प्रकल्पासाठी विकली जाणारी रंगीत फोम शीट. बोस्टनच्या जॅक गार्टसाइडने फोमची पट्टी अंगावर दुमडून पुढे ओठासारखं टोक सोडलेली ‘गर्गलर’ बांधली. ओढली की ती बुडबुडत बेडकासारखी सरकते. फोमची पट्टी, शेळीच्या केसांची शेपटी, कडकनाथाचं एक पीस. बस.

किटबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण महागडा सल्ला न पेलणारे बहुतेक जण ‘मग स्वस्तातलं तयार किट तरी घेऊ’ म्हणून तिकडे वळतात आणि तिथेच फसतात. अशा पेटीत पंधरा-वीस पाकिटं असतात: थोडी रंगवलेली पिसं, थोडी लव, थोडी चमकी, ससा, खार, मोर, सगळ्याचं चिमूटभर. पण कुठलीही एक फ्लाय दहा-बारा वेळा बांधता येईल इतकं एकही साहित्य पुरेसं नसतं. आणि हात बसतो तो एकच फ्लाय पुन्हा पुन्हा बांधल्यानेच. पहिली वाकडी, तिसरीचं डोकं जाड, आठवीत प्रमाण जुळायला लागतं. किट मात्र दर वेळी नव्या फ्लायकडे ढकलतं. शिवाय त्यातल्या शिकंज्याचा जबडा मऊ लोखंडाचा असला की गळ फिरतो. अमेरिकन ली वुल्फ हा गेल्या शतकातला नामांकित मासेमार शिकंजा न वापरता नुसत्या बोटांत गळ धरून फ्लाय बांधत असे, अगदी बारीक गळावरसुद्धा. नवशिक्याने लगेच तसं करावं असं नाही. सोनारकामाच्या किंवा घड्याळ दुरुस्तीच्या अवजारांत मिळणारा छोटा हातशिकंजा टेबलाच्या कडेला आवळला तरी सुरुवात होते.

म्हणून खरेदीचा नियम उलटा हवा. आधी एक फ्लाय निवडायची, आपल्या पाण्यातल्या माशाची. मग तिच्यापुरतंच साहित्य घ्यायचं, पण भरपूर. लोकर-तारेची बुडणारी फ्लाय निवडली तर गळ, तार, लोकरीचा गुंडा, कात्री आणि नेलपॉलिश एवढ्याने महिनाभर सराव होतो, आणि खर्च साधारण पाचशे रुपयांच्या आत राहतो. बिघडलेली फ्लाय फेकायची नाही. ब्लेडने हळूच उकलून गळ परत वापरायचा. उत्तर स्कॉटलंडमधली मेगन बॉइड लहानपणी जुन्या फ्लाय उसवून, त्या लहान गळावर पुन्हा बांधतच शिकली. पुढे समुद्राकाठच्या साध्या झोपडीवजा घरात बसून तिने आयुष्यभर सॅमनच्या फ्लाय बांधल्या. १९७१ साली तिला ब्रिटिश सरकारचं पदक जाहीर झालं तेव्हा कुत्र्याला सांभाळायला कुणी नाही म्हणून ती राजवाड्यावर गेली नाही. तिच्या हाताला जगाने मान दिला तो घरातल्या उजेडात पुन्हा पुन्हा केलेल्या कामासाठी.

महागड्या पिसांचा सोस कुठपर्यंत जातो याचा दाखला न्यायालयाच्या दप्तरात आहे. जून २००९ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये बासरी शिकणारा एडविन रिस्ट हा अमेरिकन तरुण ट्रिंग इथल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात रात्री शिरला आणि पक्ष्यांची २९९ कातडी पेटीत भरून घेऊन गेला. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी एकोणिसाव्या शतकात जमवलेले, नोंदींच्या चिठ्ठ्या बांधलेले नमुने होते. हे कशासाठी? व्हिक्टोरियन काळातल्या पुस्तकांत दिलेल्या सॅमन फ्लाय ‘अस्सल’ पिसांनी बांधण्यासाठी आणि पिसं विकून पैसा करण्यासाठी. त्या फ्लाय बहुतेक वेळा पाण्यात पडतही नाहीत, चौकटीत बसतात. २०११ मध्ये त्याला निलंबित शिक्षा झाली. अनेक कातड्यांच्या चिठ्ठ्या तोडल्या गेल्याने विज्ञानाच्या दृष्टीने ती कायमची मुकी झाली. किर्क वॉलेस जॉन्सन यांनी यावर २०१८ मध्ये पुस्तक लिहिलं. ‘अस्सल साहित्याशिवाय खरी फ्लाय नाही’ हे वाक्य नवशिक्याच्या कानावर घालणाऱ्यांनी त्या वाक्याचं शेवटचं टोक एकदा पाहून घ्यावं.

आपल्या मातीशी तर या सोसाचा थेट संबंध आहे. सह्याद्रीतला करड्या रंगाचा रानकोंबडा, ज्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब साकळल्यासारखे पिवळसर ठिपके असतात, हा व्हिक्टोरियन सॅमन फ्लायचा अलंकार होता. त्याच्या मानांसाठी भारतातून कातडी जात राहिली. १९०२ साली सरकारने रानपक्ष्यांची कातडी आणि पिसं देशाबाहेर पाठवायला बंदी केली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यालाच संरक्षण दिलं. आज ब्रिटनमध्ये ही पिसं पाळलेल्या रानकोंबड्यांपासून घेतली जातात. इथे मात्र कुणी ‘जंगलातलं आहे, स्वस्तात देतो’ म्हणून मान दाखवली तर ती घेणं हा गुन्हा आहे. बीडच्या माळावर दिसणाऱ्या काळविटाचे केस, रानससा, खार, शिकार झालेले तितर, या सगळ्यांना तोच न्याय. स्वस्त साहित्याच्या बाजूने बोलणाऱ्याने हे दोनदा सांगायला हवं: स्वस्त म्हणजे कोंबडा आणि शेळी. रानातलं काहीही नाही.

मोराचं पीस हा त्यातला नाजूक मामला. मोराच्या लांब पिसाचे चमकते तंतू फ्लायच्या अंगासाठी जगभर वापरले जातात, आणि एका पिसात डझनावारी फ्लायचं साहित्य निघतं. आपोआप गळून पडलेल्या शेपटीच्या पिसांना देशातल्या देशात व्यवहारासाठी कायद्याने सवलत दिली आहे. बाहेर पाठवायला बंदी आहे. वासुदेवाच्या टोपीपासून देव्हाऱ्यापर्यंत ती आपल्याकडे वापरात आहेतच. पण बीड जिल्ह्यातच पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ सालचं, आणि अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, गळलेलं पीससुद्धा. मागणी वाढली की मोर मारून उपटलेली पिसंही बाजारात येतात, दांड्याच्या मुळाशी रक्ताचा अंश घेऊन. घरातल्या देव्हाऱ्यातलं जुनं पीस असेल तर वापरावं; त्यासाठी नव्याने बाजार धुंडाळण्याची गरज नाही. हिरवट काळी लोकर आणि जर एकत्र पिळली तर चिलापीला फरक पडत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: केनियातल्या कारखान्यांत बांधलेल्या तयार फ्लाय स्वस्त पडतात, मग बांधायचा खटाटोप कशाला? ब्रिटनमधल्या माणसाला हा प्रश्न शोभतो. त्याच्या गावात दुकान आहे आणि त्या फ्लाय त्याच्या नदीच्या माशांसाठी बांधल्या आहेत. इकडे एका फ्लायमागे टपाल, आयात शुल्क आणि कर बसतो, आणि आलेली फ्लाय मरळीसाठी नसतेच. आपल्या पाण्यात कुठला रंग चालतो, किती वजन लागतं, गवतात न अडकता ओढता येते का, हे बांधून, टाकून, पुन्हा बांधूनच कळतं. ते ज्ञान कुठलंही दुकान विकत नाही.

आणि फ्लाय रॉडच्या नावाने घाबरवणाऱ्यांसाठी एलियनची सहा फुटी काठी पुन्हा पुढे ठेवावी लागते. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर टेनकारा नावाच्या पद्धतीत आजही रीळ नसते. लांब काठी, टोकाला तेवढीच दोरी, एक साधी फ्लाय. कळकाच्या काठीने चिलापी धरणाऱ्या मराठवाड्यातल्या कुठल्याही मुलाला ही पद्धत शिकवावी लागत नाही; गांडुळाच्या जागी लोकर-तारेची फ्लाय बांधायची एवढंच. एक गोष्ट मात्र त्याने पाण्यावर जाण्याआधी करायची. महाराष्ट्रातल्या धरणांचे मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, आणि त्या पाण्यावर कुणाचं तरी घर चालतं. संस्थेच्या माणसाला भेटून परवानगी घ्यायची, जाळी कुठे लावली आहेत ते विचारायचं, विणीच्या काळात पिल्लं राखणाऱ्या मरळीला हात लावायचा नाही. त्याच माणसाला मरळ सध्या कुठल्या काठाला आहे हेही विचारावं. त्याच्याइतकं ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं.